आधी पान उलटं करा, मग पंप भरा: कापूस, सोयाबीन, तुरीवरच्या किडींचा हिशोब

पोळ्याच्या आठवड्यात आमच्या दारव्ह्याकडच्या कुठल्याही कृषी केंद्रात अर्धा तास उभं राहून पाहा. माणूस येतो, काउंटरवर टेकतो, म्हणतो "पऱ्हाटीले काय मारू?" (पऱ्हाटी म्हणजे कापूस) अन् समोरचा औषधाचे तीन डबे काढून ठेवतो. किडीचं नाव कोणीच घेत नाही, ना घेणारा ना देणारा. मी पण सात-आठ वर्षं असंच केलं, शेजाऱ्यानं फवारलं की आपलं पण फवारायचं, त्याच्या वावरातून वास आला की आपला पंप बाहेर. चार एकर कापूस अन् तीन एकर सोयाबीन-तूर, त्यात वर्षाला आठ-नऊ फवारण्या व्हायच्या. आता चार होतात, एखाद्या वर्षी पाच. फरक एवढाच की आता मी आधी मोजतो. बाकी सगळं ह्या मोजण्यानंतर येतं म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मोजायचं कसं

आठवड्यातून एक दिवस ठरवून टाका, आमचा सोमवार असतो. सकाळी ऊन चढायच्या आत जायचं, काहून की पांढरी माशी अन् तुडतुडे थंडाव्यात सुस्त असतात, दहा वाजल्यानंतर झाडाला हात लावला की उडून जातात अन् तुम्ही म्हणता काहीच नाही. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, दोन-चार ओळी सोडायच्या, तिथं नेहमी जास्तच दिसतं. मग वावरात नागमोडी चालत एकरी 20 झाडं पाहायची, अन् प्रत्येक झाडाची तीन पानं, एक शेंड्याकडचं, एक मधलं, एक खालचं. पान तोडायचं नाही, देठाला दोन बोटांनी धरून हळूच उलटं करायचं. जे काही असतं ते पानाच्या पोटाला असतं, पाठीवर काही नसते.

अशी 60 पानं झाली. सगळी बेरीज करून 60 नं भागायचं. समजा 150 तुडतुडे मोजले, तर पानाला अडीच झाले. कापसाची नुकसान पातळी, म्हणजे जिथं कीड पोचली की फवारणीचा विचार करायचा ती संख्या, अशी धरतात: तुडतुडे पानाला 2 ते 3, मावा 10, फुलकिडे 10, पांढरी माशी 8 ते 10. म्हणजे अडीचवर फवारणीचा विचार करायचा, पण 60 पानांत 70 च तुडतुडे सापडले तर पानाला एक-सव्वा, घरी जायचं अन् चहा प्यायचा. वही ठेवा. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतं पण वावरात चिखलाच्या हातानं मोबाईल काढणं होत नाही, मी पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो.

कृषी विभागाचे लोक क्रॉपसॅप ह्या कीड-रोग सर्वेक्षणाच्या योजनेत 2009-10 पासून असंच आठवड्याला निरीक्षण घेतात अन् त्यावरून सल्ला काढतात. पण तो सल्ला तालुक्याचा असतो, तुमच्या वावराचा तुम्हीच घ्यायचा.

पहिले 40-45 दिवस: हात आवरा

बीटी कपाशीचं (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीचं) बियाणं औषध चोळून, बीजप्रक्रिया करूनच येतं, त्याचा असर साधारण महिनाभर राहतो. तरी लोक वीस दिवसाच्या पऱ्हाटीवर पहिला फवारा मारतात, "सुरुवातीलेच मारून ठेवतो" म्हणून. ह्याच्यानं कीड मरते तेवढी मरते, पण आपली फुकटची माणसं आधी मरतात. कोणती माणसं ते सांगतो. माव्याच्या घोळक्यात एक करड्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, बारक्या मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसते ना, तिला आपण कीड समजून चिरडतो. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊनच मोठी होते. अन् पानाला केसाच्या टोकावर खसखशीचा दाणा बसवल्यासारखं काही दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या मित्रकीटकाचं अंडं, तिची अळी पण मावा-तुडतुडेच खाते. ही मंडळी, म्हणजे कीड खाणारे मित्रकीटक, जिथं भरपूर दिसतात तिथं मी पातळी थोडी ओलांडली तरी अजून चार दिवस थांबतो. बहुतेक वेळा थांबणं फळतं.

ह्या काळात करायचं ते एवढंच: धुऱ्यावरची अंबाडी, रानभेंडी, पेठारी उपटायची कारण कापसावरच्या किडी तिथंच तग धरतात, अन् युरिया हातानं मोजून द्यायचा. युरिया जास्त झाला की पऱ्हाटी काळीभोर, लुसलुशीत दिसते, पाहणारा म्हणतो वा, पण तुडतुड्याला तेच पायजे असतं.

रस शोषणाऱ्या किडी ओळखायच्या कशा

तुडतुडा हिरवट, पाचरीसारखा, अन् चालताना तिरपा चालतो, सरळ कधीच जात नाही. ह्याच्यामुळं पानाच्या कडा खाली मुडपतात, पिवळ्या होतात, मग लाल. अन् इथंच आपल्या इकडं मोठा घोळ होतो, पान लाल झालं की सगळे म्हणतात "लाल्या आला" अन् फवारतात मॅग्नेशियम. लाल्या अन्नद्रव्याच्या कमतरतेनं पण येतो, ताणानं पण येतो, अन् तुडतुड्यानं पण पान लाल होतं. फरक पाहायचा कसा, तर पान उलटं करा. कडा मुडपलेल्या असून खाली तुडतुडे किंवा त्यांची कात दिसली तर तो कीटकाचा प्रकार, काहीच नसेल अन् शिरा हिरव्या राहून मधली जागा लाल होत असेल तर खताचा.

फुलकिडे असले की पानाच्या खाली चंदेरी चट्टे दिसतात, पाण्याचा खंड पडला की हे वाढतात. पांढऱ्या माशीनं पान चिकट होतं, त्या चिकटीवर काळी बुरशी चढते. मावा तर मुंगळ्यावरूनच कळतो, झाडावर मुंगळ्याची रांग चढताना दिसली की वर मावा आहे समजा. जोराचा पाणी पडला की मावा, फुलकिडे बरेचसे धुऊन निघतात, म्हणून आभाळ भरलेलं असताना फवारणीची घाई करू नका, निसर्ग फुकटात करून देत असेल तर आपण काहून पैसे घालायचे.

पातळी ओलांडायला आली, अजून ओलांडली नाही, अशा वेळी निंबोळी अर्क. 5 टक्के अर्क घरी असा करायचा: 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटायच्या, 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, वेगळ्या भांड्यात 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. सकाळी निंबोळ्याचं पाणी फडक्यातून पिळून गाळायचं, साबणाचं पाणी त्यात टाकायचं, अन् एकूण 100 लिटर करायचं. फडकं दुहेरी घ्या नाहीतर नोझल दर दहा मिनिटाला तुंबेल अन् फवारणारा गडी तुम्हाला शिव्या देईल. त्याच दिवशी संध्याकाळी फवारून संपवायचा, शिळा कामाचा नाही. निंबोळ्या मात्र उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आसपास वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात, ऑगस्टमध्ये आठवण येऊन उपयोग नाही.

पातळी ओलांडली तर रसायन. तुडतुडे-माव्याला फ्लोनिकामिड 50 डब्ल्यूजी 10 लिटरला 3 ग्रॅम हे मला सगळ्यात समाधानकारक वाटलं, मित्रकीटकांना त्यातल्या त्यात सोडतं. पांढरी माशी जास्त असेल तर डायफेन्थियुरॉन 50 डब्ल्यूपी 12 ग्रॅम किंवा स्पायरोमेसिफेन 22.9 एससी 12 मिली. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तिन्ही नावं वेगळी असली तरी एकाच घरातले भाऊ आहेत, एकानं काम नाही झालं म्हणून दुसरा आणला तर तो पण तेवढंच करणार. बियाण्यालाच त्या घरातलं औषध लावून आलेलं असतं, मग वरून तेच तेच फवारत राहिलं की कीड त्याला सरावते. औषध बदलायचं म्हणजे घर बदलायचं, डब्याचा रंग नाही. मी इथं दिलेल्या मात्रा कापसाच्या अन् साध्या पंपाच्या आहेत, तरी डब्यावरच्या चिठ्ठीत त्या पिकाचं नाव आहे का ते पाहूनच घ्या.

कोळी: ज्यानं मला तीन फवारण्यांना फसवलं

एका वर्षी सप्टेंबरात पाणी लांबला, कडक ऊन. रस्त्याकडच्या पऱ्हाटीची पानं आधी बारीक पिवळ्या ठिपक्यांची झाली, मग तांबूस, मग धूळ बसल्यासारखी मळकट. दुकानात सांगितलं, तिथल्या माणसानं इमिडा, म्हणजे इमिडाक्लोप्रिड दिलं. फवारलं. आठ दिवसांनी जास्तच वाढलं. परत गेलो तर त्यानं त्याच्यात एक पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचं दुसरं एक घर) मिसळून दिलं. तेही मारलं, अन् मग तर रस्त्याकडून आत दहा ओळी गेलं. तिसऱ्या वेळी आणखी काहीतरी महागाचं.

शेवटी भाच्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बारकं भिंग लावून पान दाखवलं. पानाच्या पोटाला कोळिष्टकासारखं बारीक जाळं अन् त्यात लालसर ठिपके चालत होते, आठ पायाचे. हा कीटकच नाही, कोळी आहे. कीटकाला सहा पाय. इमिडा अन् त्याचे भाऊ कोळ्याला काहीच करत नाहीत, अन् पायरेथ्रॉइडनं तर त्याला खाणारे मित्रकीटक साफ केले, म्हणजे मी पैसे देऊन कोळ्याचं राखण केलं.

ओळखायची सोपी रीत: पांढरा कोरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. पडलेले ठिपके हलायला लागले की बोट फिरवा, लाल-तपकिरी ओघळ उठला तर कोळी. कोरडं गरम हवामान अन् धूळ ह्याच्यात हा फोफावतो, उन्हाच्या दिवसात आठ-दहा दिवसांत नवी पिढी, म्हणून सुरुवात नेहमी गाडीरस्त्याच्या कडेनं होते. कडेच्या दोन-चार ओळीतच असेल तर साध्या पाण्याचा जोराचा फवारा पानाच्या खालून मारला तरी बराच उतरतो. पसरला असेल तर वर सांगितलेलं स्पायरोमेसिफेन किंवा डायफेन्थियुरॉन कोळ्यावर पण चालतं, म्हणजे पांढरी माशी अन् कोळी दोन्ही असतील तर एकाच फवारणीत काम होतं. फवारा पानाच्या खालून गेला पायजे, वरून ओलं केलं तर कोळी खाली कोरड्यात बसून राहतो.

गुलाबी बोंडअळी

हिच्यावर जास्त लिहितो कारण विदर्भात कापसाचा खरा हिशोब हीच बिघडवते. 2002 मध्ये बीटी आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं, अन् काही वर्षं आपण बोंडअळी हा शब्दच विसरलो. 2017 ला तिनं आठवण करून दिली, वरून हिरवीगार टपोरी बोंडं अन् फोडलं की आत सडकी सरकी. असं का झालं, तर ही अळी जवळपास कापसावरच जगते, दुसरं पीक तिला फारसं लागत नाही, अन् आपण सगळीकडं तेच बीटी लावलं. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं, ते कडेनं पेरायचं असायचं. किती जणांनी पेरलं? आमच्या घरी त्याची पाकिटं गोठ्याच्या फळीवर पडून असायची, उंदरांनी खाल्ली. बीटी न खाल्लेल्या अळ्या शिल्लक राहिल्या असत्या तर त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती हळू वाढली असती. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात नॉन-बीटी मिसळूनच येतं, टाकायची सोय नाही.

हिची अडचण अशी की अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते अन् बोंड वाढता वाढता ते छिद्र बुजून जातं. बाहेरून काही कळत नाही अन् आत गेलेल्या अळीला फवारा पोचत नाही. म्हणजे पतंग अन् अंडं ह्या टप्प्यावर धरलं तरच जमते.

पहिली पायरी पेरणीची. मृगाच्या आधी धूळपेरणी, म्हणजे कोरड्या मातीत पेरणी, नाही, ओलिताची सोय असली तरी मे महिन्यात लावायची नाही. जमिनीतून निघणाऱ्या पहिल्या पतंगांना पातीच, म्हणजे फुलाआधीची कळीच, मिळाली नाही तर ते तसेच मरतात. 75 ते 100 मिलीमीटर पाणी पडल्यावर लावा, अन् शक्यतो कमी दिवसाचं वाण घ्या.

दुसरी, पाती लागली की साधारण 45 व्या दिवशी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे, एकरी 2. झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, अन् पीक वाढलं की सापळा पण वर सरकवायचा, हे बहुतेक जण विसरतात अन् सप्टेंबरात सापळा पानात बुडालेला असतो. गोळी, म्हणजे ल्यूर, पाकिटावरच्या मुदतीनुसार बदलायची, लावताना हात तंबाखूचे नकोत. रोज सकाळी पतंग मोजून ओतून द्यायचे. सलग 3 दिवस एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले की पातळी ओलांडली. अमावस्येला पतंग अंडी जास्त घालतात म्हणून त्या हिशोबानं फवारणारे बरेच आहेत. अंधाऱ्या रात्री पतंगांची हालचाल जास्त असते हे खरं असेल, पण मी तिथी पाहत नाही, सापळा पाहतो.

तिसरी, डोमकळ्या. सकाळी फुलाकडं पाहा, पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकीत गुंतून राहिल्या असतील तर ती डोमकळी, आत बारकी अळी असते. तोडायची, खिशात पिशवी ठेवून गोळा करायची, वावराबाहेर नेऊन नष्ट करायची. लहान पोरांना कामाला लावा, आमच्या घरी पाच डोमकळ्यांमागे एक रुपया भाव होता, शेवटी पोट्टे चांगली फुलं पण तोडायला लागले तेव्हा बंद केला.

चौथी, बोंडं फोडून पाहणं, अन् हे कोणी करत नाही कारण जीवावर येतं. एकरी 20 हिरवी बोंडं, फार कोवळी नाही फार निबर नाही, बोटांनी दाबली तर थोडी दबतात अशी, वेगवेगळ्या झाडांची घ्यायची. बांधावर बसून चाकूनं फोडायची. बोंडाच्या सालीवर, आतल्या बाजूला, बारीक फोडासारखा उंचवटा दिसतो, तिथून अळी शिरलेली असते. लहान असते तेव्हा पांढरी असते, डोकं तेवढं काळपट, गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून पांढरी दिसली तर "ही ती नव्हे" असं समजू नका. 20 पैकी 2 बोंडांत सापडली म्हणजे 10 टक्के, आता फवारायचं.

औषधाचा क्रम: सुरुवातीला निंबोळी अर्क, ट्रायकोकार्ड मिळत असतील तर एकरी 60 हजार ट्रायकोग्रामा (बोंडअळीची अंडी संपवणारा बारका मित्रकीटक, तो कार्डावर चिकटवून मिळतो), कार्ड लावल्यावर आठवडाभर रसायन नाही. पातळी ओलांडली की प्रोफेनोफॉस 50 ईसी 10 लिटरला 30 मिली, पुढच्या खेपेला इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4 ग्रॅम. सायपरमेथ्रिन, लॅम्डा वगैरे पायरेथ्रॉइड ऑक्टोबरच्या आत काढायची नाहीत, पांढरी माशी अन् कोळी दोन्ही उसळतात, माझी गोष्ट वर सांगितलीच. अन् दुकानातून "दोन-तीन मिसळून मारा, एकदाच काम होते" असं सांगितलं तर ऐकायचं नाही.

सोयाबीन

इथं पेरणीलाच अर्धी लढाई आहे. खोडमाशी अन् चक्रीभुंगा हे दोन्ही खोडाच्या आत काम करतात, दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो. बियाण्याला थायामेथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली चोळलं की पहिला महिना निघतो. बुरशीनाशक आधी, मग हे, रायझोबियम हे जिवाणू खत सगळ्यात शेवटी पेरणीच्या तोंडावर.

चक्रीभुंगा ओळखायला शेंडा किंवा पानाचा देठ वाळलेला दिसला की खाली पाहायचं, देठावर ब्लेडनं कोरल्यासारख्या दोन चकत्या असतात, मादी त्यांच्या मधे अंडं घालते. तसा भाग चकतीच्या खालून तोडून नष्ट करायचा. खोडमाशीसाठी झाड उपटून नखानं खोड चिरा, आत लालसर नागमोडी भुयार दिसतं. मीटरभर ओळीत 3 ते 5 झाडांना चक्रीभुंगा किंवा 10 ते 15 टक्के झाडांना खोडमाशी झाली तर फवारणी.

पानं खाणाऱ्या अळ्यांत उंटअळी पाठ वाकवून चालते, फुलोऱ्याच्या आधी मीटरभर ओळीत 4 सापडल्या तर पातळी. मोजायला दोन ओळींच्या मधे जुनी साडी किंवा पोतं अंथरा अन् झाडं आडवी करून झटका, मग मोजा. तंबाखूवरची पानं खाणारी अळी मात्र मोजण्याच्या आधीच धरता येते. हिचा मादी पतंग पानाखाली पुंजक्यानं अंडी घालतो, वरून तपकिरी केसांचं पांघरूण, जशी एखादी मातकट टिकली चिकटवली. त्यातून निघालेल्या बारक्या अळ्या दोन-तीन दिवस त्याच पानावर गोळ्यानं राहतात अन् पान जाळीदार, पांढुरकं करून टाकतात. हिरव्या वावरात असं एक पान वीस पावलावरून दिसतं. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या एका झटक्यात गेल्या. चार दिवस उशीर केला की त्या पांगतात, दिवसा मातीत लपतात अन् मग एकरभर फवारत बसा.

फवारायची वेळ आलीच तर क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी 3 मिली, किंवा इंडोक्झाकार्ब 15.8 ईसी 6.7 मिली, 10 लिटरला. 2023 ला पूर्व विदर्भात सोयाबीन पिवळं पडून गेलं तो येलो मोझॅक, हा विषाणूचा रोग पांढऱ्या माशीनं पसरतो. पिवळी झाडं सुरुवातीलाच उपटून टाकायची, आजारी झाडावर औषध मारून ते हिरवं होत नाही.

तूर अन् हरभरा

दोन्हीची दुश्मन एकच, घाटेअळी. तुरीत फुलोरा निम्मा झाला की पहिली फवारणी निंबोळी अर्काची, 15 दिवसांनी गरज पाहून इमामेक्टिन 4 ग्रॅम. मधल्या काळात झाडाला झटका देऊन खाली पोत्यावर अळ्या पाडायच्या, सकाळी लवकर दोन माणसं एकराचं काम सहज उरकतात, कोंबड्या सोडल्या तर आणखी बरं. शेंगमाशीचं लक्षात ठेवा, तिची अळी शेंगेच्या आतच वाढते अन् बाहेर पडायच्या वेळी टाचणीएवढं छिद्र पाडते, छिद्र दिसलं म्हणजे ती निघून गेली, त्या शेंगेसाठी फवारू नका.

हरभऱ्यात एकरी 20 पक्षीथांबे, टी आकाराच्या काड्या, पिकाच्या थोड्या वर. पेरताना मुठभर ज्वारी टाकली तर तेच थांबे तयार होतात. मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या की फवारणी. घाटे भरायला लागले की थांबे काढून टाका नाहीतर तेच पक्षी दाणे टिपतात.

पंप, नोझल, अन् जीव

चिठ्ठीवरची मात्रा 10 लिटरची असते अन् पंप 15-16 लिटरचा, तरी लोक 10 लिटरची मात्रा पंपात टाकतात, नाहीतर झाकणानं मोजतात. झाकण प्रत्येक कंपनीचं वेगळं. 16 लिटरच्या पंपाला 3 ग्रॅमच्या ऐवजी 4.8 ग्रॅम लागतं, मापाचा कप चाळीस-पन्नास रुपयात येतो. वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी 200 लिटर पाणी लागतं म्हणजे बारा-तेरा पंप, सहा पंपात एकर उरकला तर अर्धी पानं कोरडीच आहेत. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागतं म्हणून त्याची मात्रा वेगळी असते, पण ती चार्जिंगच्या पंपाला लावू नका, चार्जिंगचा पंप म्हणजे साधाच पंप.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. मी एकदा 2,4-डी मारलेला पंप नुसता खंगाळून कापसाला वापरला, आठ दिवसांत पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट. सगळे म्हणाले व्हायरस आला. व्हायरस माझाच होता.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते, सरकारनं त्या नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, खालून वर फवारताना सगळं तोंडावर यायचं. म्हणून: पीक छातीच्या वर गेलं तर शेंडा खुडा. वाऱ्याकडं तोंड करून फवारू नका. उपाशीपोटी नाही, दुपारच्या उन्हात नाही, सलग दोन दिवस एकाच माणसानं नाही. हातमोजे, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्या, अन् नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, काडी किंवा जुना टूथब्रश खिशात ठेवा. डब्यावरचा त्रिकोण पाहायला शिका, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, अन् हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. एकच काम करणाऱ्या दोन औषधांत हिरवा-निळा मिळत असेल तर दहा-वीस रुपये जास्त द्या.

मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, धूसर दिसणं, ह्यातलं काही झालं की काम बंद, कपडे काढून साबणानं आंघोळ, अन् थेट दवाखाना, 108 ला फोन. दूध पाजू नका, ओकारी काढायला बोट घालू नका. औषधाचा डबा सोबत न्या, डॉक्टरला त्यावरच्या उताऱ्याच्या माहितीचा उपयोग होतो. मालक असाल तर ही गोष्ट गड्यालाही सांगा, फवारतो तो.

शेवटची पायरी डिसेंबरात

बोंडअळीचं पुढच्या वर्षीचं बी आपणच जपतो. डिसेंबरात चार बोंडं दिसतात, ओलित असतं, भाव वाढेल असं वाटतं, म्हणून फरदड ठेवतो, म्हणजे वेचणीनंतरही पीक न काढता तसंच वाढवतो. ती अळी दोन सरक्या एकमेकीला चिकटवून आत सुप्त बसते अन् पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते. डिसेंबर संपायच्या आत वेचणी आवरायची, मग शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, त्या उरलेली बोंडं अन् पानं बरोबर खातात, मेंढपाळाला त्यासाठी उलट बोलवावं लागतं. नंतर पऱ्हाटी उपटून, रोटाव्हेटर किंवा श्रेडरनं बारीक करून मातीत, अन् उन्हाळ्यात खोल नांगरणी.

आमच्याकडं अडतं ते काड्यांपाशी. मायला चुलीला पऱ्हाट्या लागतात, धुऱ्यावर गंजी रचू दिली नाही तर ती रागावते. मग मधला मार्ग काढला, काड्या घरी नेण्याआधी न उमललेली, कवडी झालेली बोंडं झोडून वेगळी करायची अन् खड्ड्यात पुरायची, अन् गंजी मृगाच्या आत संपवायची. यंदा मे संपला तरी पाच-सहा भारे उरले होते, ते शेजारच्या वीटभट्टीवाल्याला देऊन टाकले, माय दोन दिवस बोलली नाही.